लाल खडू, अर्धी गोष्ट आणि येळवसीचं पुस्तक : गोष्टींच्या तासाच्या नोंदी

18 नोव्हेंबर 2024, सोमवार

गाव औसा तालुक्यातलं. जागा समाजमंदिर, वेळ संध्याकाळी पाच ते सहा, लेकरं चार ते सात वर्षांची. अंगणवाडीच्या सेविकाताई दिवाळीआधीपासून मागं लागल्या होत्या, की लेकरांना पुस्तकं वाचून दाखव, आणि तीही एकमेकांना देणं-घेणं, मैत्री असल्या विषयावरची. अंगणवाडीत एका चेंडूवरून रोज रडारड. गावात डी.एड. करून घरी असलेली सून मी एकटीच, त्यामुळं माळ माझ्या गळ्यात. असंच काही करायचं असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते आहे.

आज नुसती जुळवाजुळव. लातूरच्या दुकानात चित्रपुस्तक मागितलं की आधी अक्षरगिरवणी निघते, मग इसापनीतीचे झगमगीत संच. आग्रह धरल्यावर मागच्या फळीवरून नॅशनल बुक ट्रस्टची आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची काही पुस्तकं निघाली. प्रथम बुक्सची टपालानं मागवली होती, ती आली. सगळी मिळून 1,150 रुपये.

शिवाय स्टोरीवीव्हरवरून दोन गोष्टी छापून घेतल्या. प्रथम बुक्सनं 2015 साली सुरू केलेला हा इंटरनेटवरचा गोष्टींचा साठा आहे. मराठीत भरपूर गोष्टी आहेत आणि परवाना खुला आहे : छापा, वाटा, भाषांतर करा, बदल करा, फक्त लेखक, चित्रकार आणि परवाना यांचा उल्लेख ठेवा. त्यामुळं पान वाचवायला म्हणून शेवटचं श्रेयाचं पान गाळू नका. वाचनाच्या चार पायऱ्या दिलेल्या आहेत. या वयाला पहिली-दुसरी पुरते. तिसरीत मजकूर वाढतो आणि लेकरं चटईच्या काड्या उपसायला लागतात.

दोन गोष्टी, प्रत्येकी बारा पानं, दोन-दोन प्रती : रंगीत 48 पानं दहा रुपयांनी 480. पाठीला पाठ लावून 24 कागद लॅमिनेट केले, वीस रुपयांनी आणखी 480. दुकानदार म्हणाला चकचकीत घ्या, टिकतं. घेतलं.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

परवा विधानसभेचं मतदान झालं, त्यामुळं सुरुवात आज. लेकरं अठरा-वीस, त्यातली दोन-तीन अडीच-तीन वर्षांची, मोठ्या बहिणीच्या ओढणीला धरून आलेली.

पहिलं पुस्तक मुद्दाम विषयाला धरून निवडलं होतं. एक प्राणी, त्याचा खाऊ, तो कुणाला देत नाही, एकटा पडतो, शेवटी देतो, सगळे आनंदी. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात शिकवण. वाचून झालं, विचारलं, "मग आपण काय करायचं?" सगळ्यांनी छत फाटेल अशा आवाजात सांगितलं, "वाऽटून खायचं!"

मग सेविकाताईंनी भाजलेल्या शेंगांची परात मध्ये ठेवली. पुढच्या मिनिटाभरात दोघांचे केस दोघांच्या मुठीत होते आणि "वाटून खायचं" सगळ्यात मोठ्यानं ओरडलेल्या पोरीनं फ्रॉकचा ओचा करून अर्धी परात त्यात घेतली होती.

लेकरं खोटं बोलली असं नाही. बाईनं विचारलं की कुठलं उत्तर द्यायचं हे त्यांना अंगणवाडीपासून पाठ असतं. पुस्तकात उत्तर छापलेलं असलं की विचार करायला जागाच उरत नाही. शिकवण छापलेली सगळी पुस्तकं आज बाजूला काढली. चार निघाली, म्हणजे अडीचशेच्या आसपास रुपये गेले. विकत घेताना शेवटचं पान आधी उघडून बघावं.

25 नोव्हेंबर, सोमवार

आज गोष्टीपेक्षा बसण्यावर वेळ गेला. "दिसंना! दिसंना!" म्हणत मागची लेकरं पुढच्यांच्या डोक्यावरून येतात, पुढची कोपर मारतात, आणि मैत्रीची गोष्ट चालू असताना मैत्रीचं वाटोळं. यातली निम्मी भांडणं स्वभावाची नव्हतीच, चित्र दिसत नव्हतं म्हणून होती.

पहिलं कारण लॅमिनेशन. साडेपाचनंतर ट्यूब लावावी लागते आणि चकचकीत पानावर ट्यूबचा पांढरा पट्टा बरोबर चित्राच्या तोंडावर येतो. कोपऱ्यातल्या लेकरांना नुसता उजेड दिसतो. मॅट फिल्म लातुरात मिळते, थोडी महाग आहे, पण तीच घ्या. घेतलेल्याला उपाय एवढाच की पुस्तक वरच्या बाजूनं जरा पुढं झुकवून धरायचं.

दुसरं, मी खुर्चीत बसत होते. आता पाटावर बसते, पाठ भिंतीला, पुस्तक हनुवटीच्या उंचीवर, आणि लेकरं दोन ओळींत अर्धगोल. पुढची ओळ मांडी घालून, मागची बाकड्यावर. प्रत्येक पान डावीकडून उजवीकडं सावकाश फिरवायचं. फिरवताना वाचायचं नाही, कारण चित्र समोर नसताना कान चालत नाहीत.

अडीच-तीन वर्षांच्यांसाठी वेगळी गोधडी टाकली, त्यावर पातेली, चमचे, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं. एवढ्या लहानांना "दे गं तिला" म्हणून काही होत नाही. हातातलं गेलं की ते कायमचंच गेलं असं त्यांना वाटतं. त्यांच्यासाठी एकसारख्या दोन-दोन वस्तू ठेवणं हाच इलाज.

29 नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा काहीतरी जमलं.

गोष्टीत दोन मैत्रिणी आणि एकच झोका. भांडण ऐन रंगात आलेलं असताना पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आता काय करायला पाहिजे?" परत तोच कोरस. मग प्रश्न बदलला : "आता ही काय करंल?"

आणि एकदम कुलूप उघडलं.

"ढकलून देईल."

"आईला सांगंल. आई दोघींला बी हाणंल."

"झोक्याची दोरीच कापून टाकंल, मग कुणालाच न्हाई."

"ती म्हणंल, जा, कट्टी. मंग घरी जाऊन रडंल."

हे शेवटचं बोलणारा मुलगा एरवी तोंडातून शब्द काढत नाही. त्याला विचारलं, घरी गेल्यावर का रडंल, झोका तर हिलाच मिळाला? तो म्हणाला, "एकटीनं झोका कोण देणार तिला?" बरोबरच आहे. मागून ढकलणारं कुणी नसेल तर झोका तीन हेलकाव्यांत थांबतो. पुस्तकात हा मुद्दा कुठंच नव्हता. पुस्तकात एक शहाणी आजी येऊन दोघींना समजावते. लेकरांना आजी आवडली नाही. "तिला कुणी बोलावलं?" असं एकीनं विचारलंसुद्धा.

तेव्हापासून पद्धत ठरली : भांडणाच्या पानावर थांबायचं, "काय करावं" विचारायचं नाही, "काय करंल" विचारायचं. मारामारीची उत्तरं आली तरी "असं नसतं करायचं" म्हणायचं नाही. एकदा म्हटलं की लेकरं परत पाठ केलेल्यावर येतात. मी फक्त "मग?" विचारते. हाणलं, मग? दोरी कापली, मग? तीन-चार "मग" झाले की त्यांचं तेच अडतात आणि मागं फिरून दुसरी वाट शोधतात. शेवटचं पान दुसऱ्या दिवशी. सेविकाताईंना हे पटत नाही, त्यांच्या मते गोष्ट अर्धी ठेवली की लेकरांना झोप येत नाही. येते.

4 डिसेंबर, बुधवार

ऊसतोडीची टोळी गावाबाहेर उतरली आहे. बीड जिल्ह्यातली माणसं, ओढ्याच्या कडेला कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्यात. आज तिथली सहा लेकरं दारात येऊन उभी राहिली. त्यातल्या एका सात-आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटा भाऊ. आई-बाप पहाटेच फडावर जातात, दिवसभर तिच्याकडं हाच.

गावातली लेकरं सरकेनात. कुणी काही बोललं नाही, फक्त चटईवरच्या मांड्या जरा रुंद झाल्या. टोळीची लेकरं दाराच्या चौकटीवरच बसली.

दोन अडचणी होत्या. एक, कडेवरचा भाऊ. त्याला ठेवायला जागा नसेल तर ती पोर येणारच नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका ठिकाणी ठेवून विकासवाडी चालवली, ती याच अडचणीतून : धाकटं सांभाळायला कुणी असेल तर थोरली शिकायला येते. आमच्याकडं गोधडी होतीच, मदतनीस मावशींनी बाळ तिथं घेतलं. पोरीचे हात मोकळे झाल्यावर ती थोडा वेळ नुसतीच बसून राहिली, काय करायचं कळत नसल्यासारखी.

दुसरी अडचण भाषेची. त्यातली तिघं बंजारा तांड्यावरची, घरी गोरमाटी बोलणारी. मराठी समजते पण पुस्तकी मराठी कानावरून जाते. म्हणून आज वाचन नाही, शब्द नसलेलं चित्रपुस्तक काढलं. दोघांत एक असं वाटलं आणि जोड्या मीच लावल्या, गावातलं एक, टोळीतलं एक. जोड्या कमी पडल्या तिथं तिघांत एक. नियम एकच : डावं पुठ्ठं एकानं धरायचं, उजवं दुसऱ्यानं, आणि दोघांचं बघून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही.

हा नियम कागदावर साधा दिसतो, पण काम करतो. पुस्तक दोन मांड्यांवर ठेवायचं तर गुडघ्याला गुडघा लागतो. पान उलटायला "झालं का तुझं?" हे विचारावंच लागतं. बोलायला दुसरं निमित्त लागत नाही. एका जोडीत गावातल्या पोरानं चित्रातल्या कुत्र्याला "कुत्रं" म्हटलं, समोरच्यानं गोरमाटीत त्याचं नाव सांगितलं, मग दोघं बाकीचं पुस्तक सोडून प्रत्येक वस्तूची नावं विचारत बसले. गोष्ट काय होती ते त्यांना विचारायच्या भानगडीत मी पडले नाही.

संध्याकाळी एक आजी ओट्यावरून म्हणाल्या, "टोळीच्या लेकरांना कशाला घेऊन बसलालीस माय, उवा होतील." दुसऱ्या घरून लेकरू दोन दिवस आलं नाही. त्यावर मी काही भाषण दिलं नाही. फणी आणि कडुलिंबाचं तेल गोधडीशेजारी ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याच पुतणीचे केस विंचरले. तिच्या डोक्यात सापडल्या.

10 डिसेंबर, मंगळवार

जोडीच्या वाचनात पुस्तक फाटलं. डावीकडच्यानं डावीकडं ओढलं, उजवीकडच्यानं उजवीकडं, आणि मधली पानं पिनांसकट हातात. विकतची बहुतेक पुस्तकं मधोमध दोन पिनांवर असतात, ती या वापराला टिकत नाहीत. शिवाय सुटलेली पिन लहानग्याच्या तोंडात जायची भीती.

त्यामुळं पुस्तकं नवी आली की पहिल्या दिवशीच पिना काढून शिवून घ्या. रीत अशी : पिनांची तोंडं चमच्याच्या दांड्यानं सरळ करून काढायची. पुस्तक उघडून पाटावर ठेवायचं, मधल्या घडीवर दाभणानं पाच भोकं पाडायची, खालून वर नव्हे, आतून बाहेर, म्हणजे कागद आत उचलला जात नाही. गोधडीचा दोरा दुहेरी घेऊन मेणबत्तीवर एकदा ओढायचा. मधल्या भोकातून सुरुवात, एका टोकापर्यंत धावदोरा, परत मधून दुसऱ्या टोकापर्यंत, परत मधे, आणि गाठ बाहेरच्या बाजूला. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी माझा दोरा उसवून स्वतः शिवलं. गोधडीच्या हातापुढं डी.एड. चालत नाही.

फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, वर्षभरात पिवळी पडून कडक होते. पातळ पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि फेव्हिकॉल ठीक. घरची खळ स्वस्त पडते, पण झुरळं खातात. पूर्वी खळीत मोरचूद घालत, ते विषारी आहे, लेकरांच्या पुस्तकाला नकोच.

पट्ट्या लावायचं काम ज्यांनी ओढाओढी केली त्यांनाच दिलं. शिक्षा म्हणून नव्हे, दोघांना एका वेळी दोन टोकं धरावीच लागतात म्हणून. वाळेपर्यंत धरून बसायचं. त्या पुस्तकावर आता दोघांचा हक्क आहे आणि इतर कुणी जोरात पान उलटलं की हे दोघं एकदम ओरडतात.

16 डिसेंबर, सोमवार

लाल खडूचं प्रकरण. वाचनानंतर चित्रं काढतो. मेणखडूचे दोन डबे होते, 70 रुपये. गावात सध्या उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, त्यामुळं सगळ्यांना ट्रॅक्टरच काढायचा आणि तो लालच पाहिजे. डबे दोन, लाल दोन.

पहिला उपाय : मोजून पाच मिनिटं. चालला नाही. ट्रॅक्टरचं एकच चाक झालेलं असताना खडू काढून घेतला की लेकरू चित्र फाडतं. आणि सगळ्यांचं लक्ष चित्रावरून घड्याळावर.

दुसरा उपाय सेविकाताईंचा : लाल वाढवा. सुटा लाल कुणी देत नाही, म्हणून आणखी सहा डबे, 210 रुपये. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी एकाला निळा सोनालिका ट्रॅक्टर सुचला आणि सगळ्यांना निळाच पाहिजे. निळेही आठ होते, पण आता भांडण "पहिला निळा" कुणाचा यावर.

तिसरा उपाय टिकला. ज्याच्या हातात आहे त्याचं मन भरेपर्यंत त्याचाच, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. पाहिजे असेल त्यानं विचारायचं, "झाल्यावर मला देशील?" आणि फळ्यावर आपलं चिन्ह काढून नंबर लावायचा. नंबर पुसायचा हक्क खडू देणाऱ्याला. सुरुवातीला एका पोरीनं लाल खडू सगळा तास मुठीत धरून ठेवला, एक रेघसुद्धा न काढता. मला राहवत नव्हतं, सेविकाताईंना तर नाहीच. पण कुणी हिसकावत नाही हे तिला कळल्यावर तिची मूठ रोज जरा लवकर सुटायला लागली. आता ती स्वतः उठून फळ्यावरचं चिन्ह पुसते, आणि ज्याचा नंबर त्याच्या तळहातावर खडू आपटते. तेवढा तोरा तिला राहू द्यावा.

मोठ्यांनी काढून दुसऱ्याला दिलेलं "दिलं" होत नाही. आपण ज्याला देणं शिकवणं म्हणतो ते बरेचदा लेकराच्या हातातून आपण घेणंच असतं. आणि चित्रपुस्तकाकडून किती अपेक्षा ठेवावी तेही या खडूनं दाखवलं. पुस्तकात भांडण दुसऱ्याचं असतं, म्हणून लेकरू ते निवांत बघू शकतं. बस एवढंच पुस्तक करतं. बाकीचं चटईवर, खडूवर आणि नंबरावर होतं. दोन्ही एकाच तासात लागतात, नुसत्या वाचनानं लेकरू फक्त बोलायला हुशार होतं.

चिन्हांचं सांगायचं राहिलं. लिहिता येत नाही म्हणून प्रत्येकाला एक चित्र-चिन्ह निवडायला सांगितलं होतं. निवडणूक ताजी असल्यानं सगळ्यांनी भिंतीवरचीच उचलली. शिट्टी तिघांना पाहिजे होती. ते भांडण वेगळंच.

23 डिसेंबर, सोमवार

येळवस पुढच्या सोमवारी. विकतच्या पुस्तकांत झोके आहेत, केक आहेत, समुद्र आहे, पण आमची येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, कुठंच नाही. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, भज्जी नावाची भाजी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडक्यातली अंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. देण्या-घेण्याचं पुस्तक करायचं तर याहून चांगला विषय दुसरा कुठला?

म्हणून आपलंच पुस्तक करायला घेतलं. जाड ड्रॉइंगचे कागद, दोरा, फेव्हिकॉल मिळून 190 रुपये. एका पानावर एक जोडी काम करणार.

चित्रं काढताना बोलणं चालू. भज्जीच्या पानावर वाद : त्यात काय काय पडतं? तुरीचे दाणे, वाटाणे, हरभरा, मेथी, गाजर, बोरं? बोरं पडत नाहीत यावर बहुमत झालं, पण काढणाऱ्यानं काढलीच. मग कोपेच्या पानावर टोळीच्या पोरीनं आपली कोपी काढली, वरून निळा प्लास्टिकचा कागद, दोरीवर कपडे. शेजारचा म्हणाला, "ही नव्हं. शेतातली कोप काढ." ती म्हणाली, "ही बी शेतातच हाय."

मग तिनं विचारलं, "आमी कुणाच्या शेतात जायचं?" एक मुलगा पटकन म्हणाला, "आमच्यात ये की." मग जरा थांबून, "आईला इचारून सांगतो."

शेवटचं पान मी स्वतः पेन्सिलीनं आखून ठेवलं : एक लांब पंगत, सगळी लेकरं ओळीनं. रंग येळवसीनंतर भरायचे.

30 डिसेंबर, सोमवार

येळवस. गावात कुत्रंसुद्धा नाही. तास बंद.

2 जानेवारी 2025, गुरुवार

शेवटचं पान पुढं केलं आणि लेकरांनी ते नापास केलं.

"हे खोटं हाय." कोण म्हणालं ते कळलं नाही, पण लगेच चार-पाच जणांनी धरलं. पंगतीत टोळीची लेकरं दाखवली होती. प्रत्यक्षात टोळीतली दोघं गावातल्या तिघांच्या शेतात जाऊन आली, बाकीची नाहीत. गाळप चालू असताना टोळीला येळवस नसते, त्या दिवशीही गाड्या भरायच्या होत्याच. भावाला कडेवर घेणाऱ्या पोरीला त्या मुलाच्या आईनं बोलावलं होतं, पण तिची आई भरणीला होती आणि बाळ तिच्याकडं. ती गेली नाही.

मी म्हटलं, पुस्तकात तरी सगळे एकत्र दाखवू या, चांगलं दिसेल. मुलगा म्हणाला, "पण ती आली कुठं? मी बांधावर बघत बसलो होतो."

यावर बराच वेळ घासाघीस झाली. एकाचं म्हणणं तिला पंगतीतून खोडा, दुसरीचं म्हणणं खोडलं तर वाईट दिसतं. तोडगा त्यांनीच काढला. पंगतीत जागा ठेवायची, पत्रावळ मांडायची, त्यावर भज्जी-उंडे वाढायचे आणि माणूस काढायचा नाही. आणि समोरच्या पानावर उसाची गाडी, तिच्याखाली सावलीत ती आणि बाळ. ते पान तिनं स्वतः काढलं. गाडी लाल, अर्थातच, आणि त्यासाठी फळ्यावर तिचा नंबर पाचवा होता, तिनं थांबून काढलं.

मला अजूनही हा शेवट जड वाटतो. लेकरांना वाटत नाही. इतर सगळ्या पुस्तकांपेक्षा हे जास्त मागतात, आणि त्या पानावर आलं की मी न विचारताच पुढच्या वर्षी काय करायचं याचे बेत सुरू होतात : बाळाला पण न्यायचं, अंबील किटलीतून गाडीपाशी न्यायची, ड्रायव्हरला पण द्यायची. पुढच्या वर्षी टोळी कुठल्या गावात उतरेल हे कुणाच्या हातात नसतं, ते मी सांगत बसले नाही.

20 जानेवारी, सोमवार

संक्रांतीला तिळगुळाची गोष्ट मुद्दाम घेतली नाही, त्या दिवशी सगळे मोठे तेच बोलत असतात.

पुस्तकं घरी द्यायला सुरुवात केली. वहीत लेकराचं चिन्ह आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठातलं एक चित्र, बस. एक रात्र एकाकडं, दुसऱ्या रात्री त्यानं स्वतः दुसऱ्याच्या घरी नेऊन द्यायचं, माझ्याकडं आणायचं नाही. यामुळं लेकरं एरवी ज्या गल्लीत जात नाहीत तिथं गेली. एका घरी पुस्तक दारातूनच घेतलं गेलं, हेही झालं.

नुकसान : एकावर तेल सांडलं, एक शेळीनं कडेनं खाल्लं, एक सापडत नाही. घरी द्यायची पुस्तकं आणि वाचून दाखवायची पुस्तकं वेगळी ठेवा. लॅमिनेट केलेल्या प्रती घरी देण्यालाच खऱ्या उपयोगी, ओल्या फडक्यानं पुसता येतात. फक्त कोपरे गोल कापून घ्या, टोकदार कोपरा डोळ्याला लागतो.

3 फेब्रुवारी, सोमवार

एक आई तक्रार घेऊन आली : "तुमच्याकडं शानी असती, घरी मातर भावाला हात लावू देत न्हाई." विचारल्यावर कळलं की घरी तिचं म्हणून एकही वस्तू नाही. बाहुली, पाटी, सगळं "दोघांचं". तिला एक बुटाचा रिकामा डबा द्या म्हटलं, त्यात ठेवलेलं फक्त तिचं, भावाला द्यायची सक्ती नाही. आईला पटलं नाही, "मग तर अजूनच हावरट होईल." आठवड्यानं भेटली तेव्हा म्हणाली, पोरगी डब्यातल्या वस्तू रोज काढून भावाला दाखवते, हात लावू देत नाही, पण दाखवते. मला वाटतं एवढं पुरे. आई म्हणते बघू.

20 फेब्रुवारी, गुरुवार

यंदा हंगाम लवकर आटपतोय, टोळी पुढच्या आठवड्यात निघणार असं मुकादम सांगून गेला. येळवसीचं पुस्तक कुणी न्यायचं यावर तंटा. टोळीची लेकरं म्हणतात शेवटचं पान आमचं, गावातली म्हणतात बाकीची आमची. पुस्तक उसवून वाटून घ्यावं असाही एक प्रस्ताव आला आणि सासूबाईंनी तो फेटाळला, शिवण त्यांची आहे.

म्हणून दुसरी प्रत. रंगीत झेरॉक्स करून बघितली, खडूचे रंग उतरतात पण पिवळा पार उडतो, भज्जी पांढरी दिसते. त्यापेक्षा झेरॉक्स काळी-पांढरी काढून लेकरांनीच पुन्हा रंगवायची असं ठरलं. पानामागं दोन रुपये. जोड्या त्याच, फक्त पानं अदलाबदल करून, म्हणजे दोन्ही प्रतींत सगळ्यांचा हात लागतो.

आजवरचा खर्च : पुस्तकं 1,150, छपाई-लॅमिनेशन 960, खडू 280, कागद-दोरा-फेव्हिकॉल 190. एकूण 2,580 रुपये. परत करायचं झालं तर शिकवणवाली पुस्तकं आणि चकचकीत फिल्म यांचे पैसे वाचवीन आणि त्यात शब्द नसलेल्या पुस्तकांच्या दुसऱ्या प्रती घेईन. दोन मांड्यांवर एक पुस्तक हवं तर तेच पुस्तक आठ-दहा प्रतींत लागतं, वीस वेगवेगळी पुस्तकं असून उपयोग होत नाही.

उद्या पानं रंगवायला बसतो. मेणाचा दोरा संपलाय, औशाहून आणायला सांगितलाय. लाल खडूचे आठांतले तीन तुकडे उरलेत.